रेघ कुठे मारायची?

एक बंद पेटी. आत कॅमेरा, बाहेर पडदा. झाकणाला दोन भोके आणि त्यांतून आत गेलेली दोन लांब, बारीक हत्यारे. पेटीत एका पाटीवर बारा खुंट्या, त्यांपैकी एका बाजूच्या सहा खुंट्यांवर रबराची लहानशी तिकोनी कडी. डाव्या हाताच्या ग्रास्परने कडे उचलायचे, हवेतल्या हवेत उजव्या हाताच्या ग्रास्परकडे सोपवायचे आणि पलीकडच्या खुंटीवर बसवायचे. सहाही कडी तिकडे गेली की हात बदलून परत आणायची. लिहायला सोपे आहे. पण हत्यार भोकातून आत गेलेले असल्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे पळते, सपाट पडद्यावर खोली कळत नाही, आणि बोटांना रबराचा स्पर्श जेमतेम जाणवतो. एमबीबीएसला पदके मिळवून आलेला निवासी डॉक्टरही पहिल्या दिवशी इथे घामाघूम होतो. परीक्षेत यासाठी कमाल मुदत ३०० सेकंदांची. सरावाचे लक्ष्य मात्र ४८ सेकंद. तेही एकही कडे नजरेआड न पाडता, एकदा लागोपाठ दोन वेळा आणि शिवाय आणखी दहा वेळा.

अठ्ठेचाळीसच का? पन्नास का नाही, साठ का नाही? अमेरिकेत ‘फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी’ नावाचा एक अभ्यासक्रम आहे, बोलताना सगळे त्याला एफएलएस म्हणतात. त्याच्या सरावासाठी २००७ मध्ये जी उद्दिष्टे सुचवली गेली, त्यांतला हा आकडा. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करण्यात मुरलेल्या मोजक्या जाणकारांकडून तीच कसरत पुन्हा पुन्हा करून घेतली आणि त्यांच्या वेळांवरून नवख्यांसाठी पल्ला ठरवला. पेटीतल्या पेटीत टाका घालून गाठ मारण्यासाठी तो ११२ सेकंदांचा आहे. आकडा आला, तक्त्यात बसला, आणि आता जगभरचे शिकाऊ सर्जन घड्याळ लावून त्याच्या मागे धावतात. ती रेघ काही माणसांनी मारली आहे, हे मात्र हळूहळू विसरले जाते.

आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या सिम्युलेशनवर बोलायचे म्हटले की यंत्रावरच बोलणे होते. किती लाखांचे, कुठल्या कंपनीचे, हाताला स्पर्श जाणवतो की नाही, रक्त खऱ्यासारखे दिसते की नाही. माझ्या मते यंत्र हा या सगळ्यातला सोपा भाग. पैसे असले की ते येते. अवघड प्रश्न पुढचा आहे: त्या यंत्रावर कितपत जमले म्हणजे या मुलाच्या हातात जिवंत माणूस द्यायचा? तो प्रश्न कुठलेही यंत्र सोडवत नाही. तो शिक्षकांनी सोडवायचा, कारणे देऊन आणि सर्वांसमोर. आपण नेमके तेवढेच टाळत आलो आहोत.

या विषयावरचे आपल्याकडचे कुठलेही भाषण सुश्रुतापासून सुरू होते, आणि ते चुकीचे नाही. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सरावाची जी यादी आहे ती आजही थक्क करते. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी अशा फळांवर. पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या पखालीवर भेदन. केसाळ कातड्यावर खरवडणे. मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर वेध. जाड कापडाच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर शिवण. पट्ट्या बांधायला माणसाचा पुतळा. कितीही शास्त्र ऐकले तरी ज्याने असा सराव केला नाही तो कामाला लायक नाही, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. लगेच पुढच्या, दहाव्या अध्यायात व्यवसायात उतरण्यापूर्वीच्या अटी येतात. त्यांत सराव केलेला असणे आहे आणि राजाची परवानगीही आहे. मला कुतूहल आहे ते या दोन अध्यायांच्या मधल्या जागेचे. कोहळा किती वेळा आणि किती नीट कापला म्हणजे पुरे? आणि राजा परवानगी देताना नेमके काय बघत असे? भाषणे कोहळ्यापाशी टाळ्या घेऊन थांबतात, या मधल्या जागेत शिरत नाहीत.

ती जागा आजवर भरली ती दोन गोष्टींनी: वेळ आणि वडीलधाऱ्यांची नजर. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हाल्स्टेडने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निवासी डॉक्टरांची जी पद्धत बसवली तिचा गाभा असा की मुलगा वर्षानुवर्षे वॉर्डात आणि थिएटरात राहील, जबाबदारी पायरीपायरीने वाढेल आणि शेवटी तो तयार होईल. त्यावर ‘एक बघा, एक करा, एक शिकवा’ ही म्हण चढली. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत हीच रीत आजही चालते. सकाळी दहाला लिस्ट सुरू होते. टेबलावर हर्निया आहे. सर हातमोजे घालतात, समोर उभ्या असलेल्या जेआर-टूकडे (दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरकडे) एकवार बघतात आणि म्हणतात, “ये, या बाजूला उभा राहा. आज तू कर.” या एका वाक्यात पात्रतेची अख्खी परीक्षा पार पडलेली असते. सरांनी काय मोजले? गेल्या खेपेला त्याने रिट्रॅक्टर कसा धरला होता, रात्रीच्या इमर्जन्सीत त्याने अपेंडिक्स कसे हाताळले होते, पेशंट बारीक आहे की स्थूल, भूलतज्ज्ञ घाईत आहेत की निवांत. आणि खरे सांगायचे तर तो मुलगा सरांना किती आवडतो, हेही.

म्हणून ‘शस्त्रक्रिया ही कला आहे, तिला मापे लावू नका’ असे कुणी म्हटले की मला पटत नाही. माप रोज लावले जातेच आहे. फक्त ते एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि दर युनिटला निराळे असते. शेजारच्या युनिटमधला मुलगा वर्षभर रिट्रॅक्टरच धरून राहिला तर त्याला कारण विचारण्याची सोय नसते.

या रीतीला पहिला मोठा धक्का दुर्बिणीने दिला. एरिक म्यूहे या जर्मन सर्जनने १९८५ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, फ्रान्समध्ये ल्यों शहरात फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये, आणि १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी भारतातली पहिली अशी शस्त्रक्रिया केली. उडवाडिया त्याआधी सुमारे दोन दशके निदानासाठी पोटात दुर्बीण घालत होते, त्यांचा डोळा तयार होता. जगभर ज्यांनी हे तंत्र धडाधड उचलले त्यांतल्या बहुतेकांचा नव्हता. वीस-वीस वर्षे पोट उघडून ऑपरेशने केलेले, हाताला यश असलेले नामांकित सर्जन एका रात्रीत नवशिके झाले. शनिवार-रविवारचा वर्ग, डुकरावर थोडा सराव, आणि सोमवारी पेशंट. अमेरिकेतल्या दक्षिणी सर्जनांच्या एका गटाने १९९१ मध्ये १,५१८ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. प्रत्येक सर्जनच्या पहिल्या १३ पेशंटांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के होते, त्यानंतरच्या पेशंटांत ०.१ टक्का. मुख्य पित्तनलिका कापली जाणे म्हणजे पुन्हा मोठे ऑपरेशन, आतड्याशी जोडकाम, कधी आयुष्यभराची कावीळ आणि ताप. शिकण्याची किंमत कोण मोजते हे त्या तेरा पेशंटांच्या आकड्यात दिसते. त्यांना आपण कितवे हे कुणी सांगितले असेल, असे वाटत नाही.

त्यावरची पहिली प्रतिक्रिया संख्येची होती. इतक्या केसेस देखरेखीखाली करा, मग स्वतंत्रपणे करा. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने १९९२ मध्ये १५ हा आकडा काढला. संख्येचे माप मोहक असते, कारण ते मोजता येते आणि कुणाचा अपमान होत नाही. पण पंधरा केसेसमध्ये कुणाचा हात बसतो, कुणाचा पन्नासातही बसत नाही. आपल्या लॉगबुकांचीही हीच गत. पाहिले, मदत केली, देखरेखीखाली केले, स्वतंत्र केले अशा रकान्यांत आकडे भरले जातात, बरेचदा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, एकाच शाईने. एमबीबीएसच्या नव्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात कौशल्याच्या नोंदीपुढे बी, एम किंवा ई लिहायचे असते: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतके, अपेक्षेपेक्षा जास्त. कल्पना चांगली. पण ‘अपेक्षा’ म्हणजे नेमकी काय, हे बऱ्याच ठिकाणी कुणी लिहूनच ठेवलेले नसते. मग सगळ्यांपुढे एम.

संख्येच्या पलीकडे जाता येते हे येल विद्यापीठात २००२ मध्ये दिसले. सोळा निवासी डॉक्टर, निम्म्यांना संगणकी सिम्युलेटरवर सराव, निम्म्यांना नेहमीचे शिक्षण. सराव करणाऱ्यांना ‘इतके तास करा’ असे सांगितलेच नव्हते. अनुभवी सर्जनांनी त्याच यंत्रावर जी पातळी गाठली होती ती गाठेपर्यंत करा, असे सांगितले होते. नंतर खऱ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनात त्यांनी यकृतापासून पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग जळण्याची शक्यता पाचपट निघाली. सगळ्यांनी यंत्राचे कौतुक केले. माझ्या मते त्या प्रयोगाचा प्राण यंत्रात नव्हता, ‘पातळी गाठेपर्यंत’ या अटीत होता. तेच यंत्र दोन तास वापरून प्रमाणपत्र द्या, काय उरते ते बघा.

मग पातळी ठरवायची कशी? परीक्षाशास्त्रात याच्या रीतसर पद्धती आहेत. सर्वांत प्रसिद्ध पद्धत विल्यम अँगॉफ या मानसमापन तज्ज्ञाच्या नावाची. गंमत अशी की १९७१ च्या एका जाडजूड ग्रंथात, भलत्याच विषयावरच्या प्रकरणात, ती एका तळटीपेत आली होती. त्या तळटीपेवर आज जगभरातल्या वैद्यकीय परीक्षा उभ्या आहेत.

पद्धत अशी. समजा सात-आठ सर्जन टेबलाभोवती बसले आहेत. त्यांना सांगायचे: डोळ्यांपुढे असा विद्यार्थी आणा की जो धड पास नाही, धड नापास नाही, अगदी काठावरचा. अशा शंभर जणांतले किती जण ही गाठ न सुटता मारतील? प्रत्येकाने आकडा लिहायचा, मग चर्चा, मग पुन्हा आकडा, शेवटी सरासरी. कागदावर निर्मळ दिसते. प्रत्यक्षात टेबलावर काय होते? मोठ्या रुग्णालयातले प्राध्यापक त्यांच्या सर्वांत हुशार जेआर-थ्रीला काठावरचा समजतात. ज्येष्ठ सर ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करतात आणि त्यांच्या आठवणीत ते स्वतः कधीच काठावर नव्हते. नुकतीच लागलेली असिस्टंट प्रोफेसर वास्तवाला सर्वांत जवळचा आकडा लिहिते, आणि दुसऱ्या फेरीत सरांकडे बघून तो बदलते. म्हणून पहिला आकडा गुप्त घ्यायचा आणि खऱ्या विद्यार्थ्यांचे गुण दुसऱ्या फेरीपूर्वी समोर ठेवायचे. ते गुण बघितले की बहुतेकांचे आकडे खाली येतात.

दुसरी पद्धत शस्त्रक्रियेच्या जगात जास्त चालते. तीच कसरत नवख्यांकडून करून घ्या आणि जाणत्यांकडूनही. दोघांच्या गुणांचे आलेख काढा. नवख्यांचा उंचवटा डावीकडे, जाणत्यांचा उजवीकडे, मध्ये कुठेतरी दोन्हींच्या कडा एकमेकींना छेदतात. छेदतात तिथे रेघ. कोपनहेगनच्या शिक्षकांनी हे सातत्याने केले आहे. त्यांचा शिरस्ता मला महत्त्वाचा वाटतो: रेघ मारून ते थांबत नाहीत, त्या रेघेमुळे किती नवखे फुकट पास होतात आणि किती जाणते नापास होतात हेही छापतात.

जाणते नापास! हे वाक्य आपल्या विभागात कुणी मोठ्याने म्हणून बघावे. मुरलेला सर्जन पेटीतल्या कसरतीत रेघेखाली आला तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, ही कसरत शस्त्रक्रियेपेक्षा व्हिडिओ गेमचे कौशल्य जास्त मोजते आहे, तेव्हा कसरत बदला. दुसरा अर्थ उघड आहे आणि तो कुणाला ऐकायचा नसतो. मिशिगनमध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांनी स्वतःहून आपापल्या ऑपरेशनचे व्हिडिओ दिले, सहकाऱ्यांनी नावे न कळता त्यांना गुण दिले. २०१३ मध्ये निकाल छापून आला. तळाच्या चतुर्थांशातल्या सर्जनांच्या पेशंटांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, वरच्या चतुर्थांशात ५.२. हे सगळे रीतसर पदवीधर, चालत्या प्रॅक्टिसचे लोक होते. हातांत फरक असतो आणि तो पेशंटच्या पोटात उमटतो, याला आता आकड्यांचा आधार आहे.

रेघ छेदबिंदूवरच मारायची का? इथे मी परीक्षाशास्त्राशी थोडा भांडेन. छेदबिंदू दोन्ही चुकांना सारखे वजन देतो: नालायकाला पास करणे आणि लायकाला नापास करणे. विद्यापीठाच्या परीक्षेत ते एक वेळ समजू शकतो. तिथे नापास होणे म्हणजे सहा महिने वाया, घरी तोंड दाखवायची पंचाईत, म्हणून परीक्षक हात सैल सोडतात. पेटीपुढे नापास होणे म्हणजे काय? आणखी आठवडाभर संध्याकाळी येऊन कडी उचलायची, एवढेच. लायक मुलाचा आठवडा गेला तर गेला. नालायक हात एक आठवडा आधी थिएटरात गेला तर मात्र भरपाई कुणी करू शकत नाही. दोन चुकांच्या किमती इतक्या विषम असताना रेघ मधोमध मारणे हा शिक्षकांच्या सोयीचा व्यवहार झाला. ती उजवीकडे, कठीण बाजूला सरकवायला हवी, आणि किती सरकवली व का, हे लिहून ठेवायला हवे.

बेरजेचाही एक गोंधळ आहे. आपल्याकडे एमएसच्या प्रात्यक्षिकात ५० टक्क्यांना पास. त्यात लाँग केस असते, शॉर्ट केस असतात, हत्यारांचे टेबल, एक्स-रे, नमुने. विद्यार्थी नीडल होल्डर हातात घेतो, नाव सांगतो, उपयोग सांगतो, निर्जंतुक कसा करायचा तेही सांगतो. याने टाका घालून दाखव, असे त्याला सहसा कुणी म्हणत नाही. समजा म्हटले, आणि गाठ सुटली, तर एक्स-रेच्या टेबलावरचे गुण ती उणीव भरून काढतात. शस्त्रक्रियेत अशी भरपाई चालत नाही. निम्मी गाठ ही गाठ नसते. एफएलएसमध्ये टाका घालताना रबरी नळी पाटीवरून उपटली गेली तर त्या कसरतीचे गुण शून्य, बाकी काम कितीही सुबक असो. हा कडकपणा मला आवडतो. टोरांटोच्या रिचर्ड रेझ्निक आणि मंडळींनी १९९७ च्या सुमाराला ऊतींशी वागणूक, हालचालींची काटकसर, हत्यारांची हाताळणी अशा बाबींना पाचपैकी गुण देण्याचा तक्ता रूढ केला, आणि तो फार उपयोगी आहे. पण त्याचीही बेरीज करून सरासरीवर पास केले की एखादी घातक सवय सरासरीत बुडून जाते.

आता या सगळ्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पित्तनलिकेच्या २५२ इजांची चिरफाड केली. ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण नजरेची फसगत होती. हातातल्या कौशल्याचा दोष फक्त ३ टक्क्यांत. पित्ताशय वर आणि बाजूला ओढले की मुख्य पित्तनलिका ताणून अशी रेषेत येते की तीच पित्ताशयाची नळी वाटते. सर्जन शांतपणे, अगदी सफाईदार हाताने चुकीची नळी सोडवतो, क्लिपा लावतो आणि कापतो. त्या क्षणी त्याला शंकाही येत नाही. म्हणजे ज्या इजांमुळे हे सगळे सिम्युलेशनचे प्रकरण पेटले, त्यांतल्या बहुतेकींना ४८ सेकंदांची कसरत थेट अडवत नव्हती.

याचा अर्थ पेटी निकामी, असा मी लावत नाही. हात तंत्रातच अडकलेला असला की डोके मोकळे राहत नाही. दोनदा लागोपाठ आणि दहादा आणखी, हा अट्टहास त्यासाठीच आहे. हात आपोआप चालावा आणि लक्ष पडद्यावरच्या शरीररचनेकडे राहावे. पण मोकळ्या झालेल्या डोक्याचीही परीक्षा हवी ना? सेंट लुईसचे स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक कसोटी घालून दिली. पित्ताशयाच्या नळीजवळच्या तिकोनातली सगळी चरबी आणि तंतू काढले गेले पाहिजेत, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटला पाहिजे, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत. तोवर काही कापायचे नाही. ही रेघ सेकंदांत नाही, दिसण्यात आहे. तिची परीक्षा घ्यायला महागडे यंत्रही लागत नाही. ऑपरेशनचा व्हिडिओ चालवा, मध्येच थांबवा आणि विचारा: आता कापशील? सोपे व्हिडिओ, अवघड व्हिडिओ आणि काही असे की जिथे ‘नाही, मी पोट उघडीन’ किंवा ‘मी सरांना बोलावीन’ हेच बरोबर उत्तर आहे. थांबण्याला गुण देणारी परीक्षा आपल्याकडे जवळजवळ नाहीच. आपला विद्यार्थी ‘सरांना बोलावीन’ म्हणाला तर परीक्षक हसतात.

तज्ज्ञांच्या सरासरीवरून मारलेली रेघ आणि पेशंटच्या परिणामावरून मारलेली रेघ यांत मला दुसरी कधीही जास्त विश्वासाची वाटते, आणि तिचे उत्तम उदाहरण पोट शिवण्यात आहे. इमर्जन्सीत मध्यरेषेत पोट उघडले की शेवटी ते शिवायचे असते, आणि रात्री तीनला ते काम बहुधा सर्वांत ज्युनिअर माणसाकडे येते. सर हातमोजे काढून बाहेर गेलेले असतात. १९७६ मध्ये जेंकिन्स यांनी दाखवले की शिवणीत वापरलेला धागा जखमेच्या लांबीच्या किमान चौपट असला पाहिजे, नाहीतर पोट फुगल्यावर शिवण कापत जाते. पुढे नेदरलँड्समधल्या ५६० पेशंटांच्या प्रयोगात, जो २०१५ मध्ये छापला गेला, कडेपासून पाच मिलिमीटरवर आणि पाच-पाच मिलिमीटर अंतराने घेतलेले लहान टाके घातल्यावर वर्षभराने हर्निया १३ टक्क्यांना झाला. सेंटिमीटरभराच्या मोठ्या टाक्यांत तोच २१ टक्क्यांना. वीस सेंटिमीटरच्या जखमेला निदान ऐंशी सेंटिमीटर धागा, एवढे साधे माप आहे हे. सराव करायला फोमचा तुकडा किंवा जाड कापड पुरते. काम संपल्यावर उरलेला धागा पट्टीने मोजायचा, तो सुरुवातीच्या लांबीतून वजा करायचा आणि जखमेच्या लांबीने भागायचे. उत्तर चाराच्या खाली आले की उसवून पुन्हा. यात सरांची मर्जी नाही, आवडीनिवडी नाहीत, आणि ‘चार का?’ याचे उत्तर पेशंटच्या पोटात आहे.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले. एफएलएसच्या पाच कसरती अमेरिकेतल्या सर्जनसाठी घडल्या आणि तिथे २००९-१० पासून जनरल सर्जरीच्या बोर्ड परीक्षेला बसण्यासाठी ते प्रमाणपत्र सक्तीचे आहे. आपल्या उपजिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या सर्जनला रात्री कामाला येते ते पोट शिवणे, आतड्याची जोड, अडकलेला हर्निया. त्याच्यासाठीची रेघ बाहेरून मागवता येत नाही. आणि आपल्या साधनांवर आपले माप बसवण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असेही नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले. कुणी हसले असेल. पण त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या सहकाऱ्यांच्या केसेस गोळा करून २००३ मध्ये निकाल छापले. २०१६ मध्ये युगांडातल्या रीतसर चाचणीत मच्छरदाणीची स्वस्त जाळी महाग जाळीच्या तोडीची ठरली. दोंडाईचात हे झाले ते नोंदी ठेवल्यामुळे.

आणि नोंदीच आपल्या स्किल लॅबमध्ये नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाने लॅब असायला हवी म्हणून ती आहे. उद्घाटनाची कोनशिला आहे. मी पाहिलेल्या एका कॉलेजात सिम्युलेटरवरचे प्लास्टिकचे वेष्टन निघालेले नव्हते आणि किल्ली विभागप्रमुखांच्या टेबलाच्या खणात असे. खराब होऊ नये म्हणून! मुले तोवर प्लास्टिकच्या डब्याला भोके पाडून, आत मोबाइलचा कॅमेरा लावून हॉस्टेलवर गाठी मारत होती. उत्साह होता, साधनेही होती. फक्त कुठवर पोहोचलो म्हणजे पोहोचलो, हे सांगणारे कुणी नव्हते.

रेघ मारली की तिचे परिणामही पाळावे लागतात, आणि खरी कसोटी तिथे आहे. जेआर-वन पेटीत रेघेपर्यंत पोहोचला नाही, म्हणून त्याला दुर्बिणीच्या केसला हात लावू द्यायचा नाही, असे ठरले. मग त्या युनिटची लिस्ट कोण ओढणार? दोनशे खाटांचा वॉर्ड, रात्रीची ड्युटी, सकाळचे राउंड, यातून त्याने सरावाला कधी जायचे? संध्याकाळी पाच ते सहा हा तास ड्युटीत धरलेला नसेल तर रेघ हा त्या मुलावर लादलेला आणखी एक जुलूम ठरेल आणि तो रास्तपणे खोट्या सह्यांच्या वाटेला जाईल. ब्रिस्टलच्या बालहृदयशस्त्रक्रिया प्रकरणाच्या २००१ च्या चौकशी अहवालाने, कुणीही कुठलीही प्रक्रिया पहिल्यांदा करताना अनुभवी सहकाऱ्याची थेट देखरेख हवीच, अशी शिफारस केली होती. ती वाचताना आपण मान डोलावतो. रात्री तीनच्या पोट शिवण्याला ती लावून बघितली की तिची किंमत कळते. ती किंमत मनुष्यबळाची आहे, आणि ती न मोजता नुसते मानदंड छापणे सोपे असते.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली राज्यातली बहुतेक मेडिकल कॉलेजे आहेत. एवढे विद्यार्थी आणि एवढे शिक्षक एका नियमाखाली असणे ही दुर्मीळ सोय आहे. मी सुचवीन ते असे: पहिल्या वर्षी कुणाला पास-नापास करायचेच नाही. चार-पाच कामे निवडायची, पोट शिवणे त्यांत पहिले. सर्व कॉलेजांत साध्या डब्यांवर आणि फोमवर नव्या जेआरांची आणि सर्व शिक्षकांची मोजणी करायची, नावे झाकून. प्राध्यापकांचीही, हे लेखी आदेशात हवे, नाहीतर ते येणार नाहीत. वर्षाअखेरीस आलेख मांडायचे, रेघ सुचवायची आणि ती कुठल्या बाजूला किती सरकवली याचे एक पान सर्वांना वाचायला ठेवायचे. दुसऱ्या वर्षापासून ती लागू, पण फक्त थिएटरच्या दारासाठी. पदवीच्या गुणांत ती मिसळायची नाही, कारण मिसळली की परीक्षकांचा हात सैल सुटलाच. तिसऱ्या वर्षी पेशंटांच्या नोंदी काढायच्या, किती शिवणी उसवल्या ते बघायचे आणि आकडा पटला नाही तर रेघ हलवायची. यातला सर्वांत महाग भाग पट्टी आणि धाग्याचा नाही. वॉर्डच्या रजिस्टरमध्ये कुणी पोट शिवले हे दरवेळी लिहिण्याचा आहे, आणि ते नाव सरांचे लिहायचे की ज्याने खरोखर शिवले त्याचे, हे आधी ठरवावे लागेल.